पेंडीचं पोतं

ता. ९ ऑगस्ट १९६४

गेल्या साली त्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखी उठले. अंगण झाडलं, सडा टाकला, म्हैस पिळली. पेंड भिजत घालायची होती, तर पोत्याच्या तळाला ओंजळभरच उरलेली. ती टोपल्यात ओतली. पोतं उलटं करून झटकलं. चांगलं जाड पोतं, एक भोक नाही. हे तलावात ज्या फळीवर बसून शिंगाडे तोडत, तिच्यावरचं पोतं गुडघ्यापाशी विरलं होतं. ज्वारीचं पोतं घरात होतं, पण ते पातळ. त्यातून गुडघ्याला लाकूड लागतं. म्हणून पेंडीचं घेतलं. सोडा घालून दोनदा धुतलं, दगडावर आपटलं, कुडावर वाळत टाकलं. मग भाकरी केल्या.

एवढंच. रोजच्यासारखी सकाळ.

दोन दिवसांनी डांबर पातळ करून ते पोतं मी फळीवर चढवलं. तिसऱ्या दिवशी हे शिंगाडे तोडायला तलावात गेले आणि आले नाहीत.

गाव म्हणतं फळी तेढी होती, म्हणून ते उलटले आणि वेलात गुरफटले. फळी नथ्थू मिस्त्रीच्या हातची. तेव्हापासून गावातल्या एकाही घराने त्याला फळी सांगितली नाही.

फळी सरळ होती. पोतं यांच्या गुडघ्याखालून सुटलं. सरकीच्या पेंडीचं तेल दोन धुण्यांत जात नाही, आणि तेलावर डांबर बसत नाही.

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. आज लिहिलं. वही माझ्या लेकीची, कमळची, मागची पानं कोरी होती.

ता. १२

सुखदेव भाऊजी आले. यांचे धाकटे भाऊ. ओट्यावर बसले, पाणी प्यायले, मग म्हणाले, "वैनी, औंदा तुमच्या तलावातल्या वाट्यावर कोन उतरनार? वेल चांगला पसरला हाय. वाटा रिकामा ठेवला तं पंच दुसऱ्या घराले देतीन."

मी काही बोलायच्या आत कमळ आतून म्हणाली, "मी उतरीन ना काका."

"तुले पोहता येते. फळीवर गुडघे टेकून दोन्ही हात मोकळे सोडता येते का?"

"बाबाच्या मांगं बसून दोन साल तोडले म्या. तुमी त किती डाव पडले ते पाह्यलं हाय म्या तवा."

भाऊजी हसले. बऱ्याच दिवसांनी हसले. मग तोंड बारीक करून मला म्हणाले, "पन ते जुनी फळी नको. मनहूस हाय. जाळून टाका. दुसरबीडले तयार फळ्या आल्या म्हनते. तिकून आनू."

मी हो म्हटलं.

कमळ सतरा वर्षांची. बापासारखी रुंद खांद्याची. नको म्हणायचं तर कारण सांगावं लागेल.

ता. १५

शाळेत झेंडा झाला. कमळ गेली होती, फुटाणे घेऊन आली.

ती नसताना गोठ्यामागे जाऊन जुनी फळी पाहिली. डांबर तसंच आहे, काळं, चकचकीत. इतर फळ्यांवरचं पोतं विरून पडतं तेव्हा डांबरात त्याची वीण उमटलेली असते, दोरा न् दोरा. यात काहीच नाही. तळहातासारखं गुळगुळीत. पोतं त्याला कधी चिकटलंच नव्हतं, नुसतं टेकलं होतं.

हे गेल्यावर तिसऱ्या दिवशी पोतं मला लव्हाळ्यात सापडलं. सगळे सावडण्याच्या गडबडीत होते, पोत्याकडे कोण बघतो. मी ते पदराखाली घरी आणलं. कणगीमागे आहे.

तेव्हा मला कारण कळलं नव्हतं. नुसतं, माझ्या हातचं आहे, म्हणून आणलं. कारण पौषात कळलं. मिठाच्या पुडीचा कागद होता, घरं रंगवण्याबद्दल काहीतरी. तेल लागलेल्या जागेवर रंग धरत नाही, आधी ती जागा राखेने घासून काढावी, असं होतं. उभ्याने वाचलं आणि खाली बसले.

मला शाळा नाही. लग्नानंतर यांनी ओल्या फळीवर कोळशाने अ काढून दाखवला होता. पुढचं मी पुड्यांच्या कागदांवर आपलं आपण केलं. वाचता आलं नसतं तर बरं झालं असतं का, याचा विचार करते.

ता. २३

दुसरबीडला गेलो, मी, कमळ, भाऊजी. रस्त्याच्या कडेला फळ्या उभ्या करून ठेवलेल्या, आठ-दहा. रंग दिलेल्या. दुकानदार म्हणतो, "घ्या बाई, कोनतीबी घ्या, साऱ्या सारख्याच."

साऱ्या सारख्या नव्हत्या. यांच्याबरोबर राहून जे शिकले ते असं: फळी आधी उचलायची. पांगाऱ्याची असली तर एका हाताने उचलली जाते, इतकं ते लाकूड हलकं. मग बोटाच्या पेराने ठोकायची, आवाज कोरडा यायला पाहिजे. मग एका टोकाकडून डोळा लावून दुसरं टोक पाहायचं. मग थुंकी लावून बोट फिरवायचं. थुंकी लगेच मुरली तर लाकूड पाणी पितं, दुपारपर्यंत जड होऊन बसतं.

पहिली उचलली, दोन हात लागले. "हा पांगारा नोहे," मी म्हटलं.

"पांगाराच हाय बाई."

कमळ म्हणाली, "मंग याच्या मायनं बाभळीसंगं पाट लावला असंन." भाऊजी तिच्यावर ओरडले, पण दुकानदारच हसला.

एक बरी होती. डोळा लावून पाहिलं तर मधे पोट निघालेलं. एकीला तर खालून दोन खिळे. आमच्याकडे तलावात लोखंड नेत नाहीत, पाण्यातल्या आसरांना चालत नाही. म्हणूनच पोतंही नुसत्या डांबरावर बसवतात. दुकानदाराला त्याचं काय.

भाऊजी म्हणाले, "गावातल्या चार घरांनी येथूनच नेल्या."

मी म्हटलं, "त्यांनी ठोकून पाह्यल्या नसतीन."

रिकाम्या हाताने परत. वाटेत भाऊजी एवढंच म्हणाले, "वैनी, फळी त लागंनच."

ता. २ सप्टेंबर

आज नथ्थू मिस्त्रीकडे गेले. दहा-अकरा महिने त्यांच्या दारावरून जाताना मी मान वळवत होते.

दारात त्यांची बायको सरूबाई पायलीभर धान्य पाखडत बसलेली. सूप थांबवलं नाही. म्हणाली, "आता काय राह्यलं वो बाई? आनखी येखादं खापर हाय का फोडाचं?"

मी म्हटलं, "मिस्त्री हायत का?"

"हायत. काम नाई मंग जातीन कोठी?"

मिस्त्री आत तिफणीचा दांडा तासत होते, तोही बाहेरगावचा. मला पाहून वाकस खाली ठेवला. मी फळी करून द्या म्हटलं, कमळसाठी.

त्यांनी दांडा उचलून भिंतीला लावला. मला वाटलं रागावलेत. राग असता तर बरं होतं. ते म्हणाले, "नाई वैनी. फळीले मी आता हात नाई लावत. त्या फळीचं लाकूड म्या दीड साल सावलीत वाळवलं होतं. रोज पलटवलं. चार डाव डोळा लावून पाह्यलं. मले सरळ दिसली. सारं गाव म्हनते तेढी होती, तं असंनच. माह्या डोळ्यातच खोट आली असंन. आता पोरगी बसनार, अन् मले पुन्हा सरळच दिसंन."

आढ्याला एक फळी बांधलेली होती. पांगारा. वरच्या बाजूला कोळशाची खूण, यांची. यांनीच दुसरी फळी सांगून ठेवली होती, हे मला माहीत नव्हतं.

मी म्हणायला हवं होतं. तोंड उघडलंही. सरूबाई सूप घेऊन आत आली आणि मी, "बरं, येते," म्हणून निघाले.

ता. ३

काल रागाची तयारी करून गेले होते. त्यांनी माझ्या चुकीवर विश्वास ठेवला आहे. माझ्या खोट्यावर म्हणायला पाहिजे. खोटं मी बोलले नाही, पण गप्प बसले ते

पुढे लिहवत नाही.

ता. ६

पोळा झाला. खांदेमळणीपासून पुरणापर्यंत सगळं केलं. बैल भाऊजींकडे, म्हणून ओवाळायलाही तिकडेच. मी ओवाळत नाही आता, ताट धरून उभी राहिले.

ऐकलं की नथ्थू मिस्त्री कोजागरीनंतर खामगावला भाच्याकडे जाणार, कायमचे. तिथे कापसाच्या जिनात काम आहे म्हणे. लाकडाचं नाही, गठ्ठे उचलायचं.

ता. १४

पुन्हा गेले. सरूबाई नव्हती. मी म्हटलं, "मिस्त्री, वरची फळी काढा. मी स्वतः पाहाते. तुमचा डोळा नको, माझा लावते."

त्यांनी काढली. मी उचलली, एका हाताने. ठोकली. डोळा लावला. मग ढोरांच्या हौदात पाण्यावर टाकली. अशी बसली, जशी भाकरी तव्यावर. कुठून हलेना. मी एका कडेला हात दाबला, सोडला, परत सरळ.

"सरळ हाय," मी म्हटलं.

मिस्त्री दुसरीकडे तोंड करून उभे होते. म्हणाले, "न्या. पन कोनाले सांगू नका माह्या हातची हाय मनून."

आमच्याकडे तोडणीच्या पहिल्या दिवशी सगळी घरं आपापली फळी काठावरच्या मोठ्या दगडावर ठेवतात, फळी कोणाच्या हातची ते मोठ्याने सांगतात, आणि त्याला नारळ देतात. मी या घरात आल्यापासून त्या दगडावर एकच नाव ऐकलं.

मी म्हटलं, "विचारतीन तवा काय सांगू?"

"दुसरबीडची म्हना."

फळी डोक्यावर घेऊन मागच्या वाटेने आले. चोरीची आणावी तशी.

ता. २७

पोतं चढवायचं राहिलं आहे. रोज काहीतरी काम काढते आणि ते उद्यावर टाकते. आज म्हशीचं दावं वळलं. काल कुड लिंपला, जो लिंपायला झाला नव्हता.

ता. १ ऑक्टोबर

आज कमळने स्वतःच ते काम काढलं. मी नदीवरून धुणं घेऊन आले तर अंगणात विस्तव, त्यावर डांबर, फळी दोन विटांवर आडवी. आणि तिच्या हातात पोतं. पेंडीचं. याच आठवड्यात रिकामं झालेलं.

"हे जाड हाय माय," म्हणाली. "गुडघ्याले सुखाचं होईन. दोनदा धुतलं म्या."

धुणं ओट्यावर टाकलं. मी ते पोतं तिच्या हातातून ओढलं आणि विस्तवात टाकलं. कसं जळलं ते. तेलाचं पोतं. ज्वाळ माझ्या डोक्याएवढी वर गेली.

कमळ माझ्याकडे बघत राहिली. मग ज्वाळेकडे. मग पुन्हा माझ्याकडे.

"काऊन माय?"

मी ज्वारीचं पोतं आणून दिलं. ते तिने बसवलं, काठ दाबले, वर दगड ठेवले. संध्याकाळी जेवताना तिने विचारलं, "बाबाच्या फळीवर कोनतं होतं?"

मी सांगितलं.

तिने भाकरी ठेवली नाही. खात राहिली, हळूहळू, संपेपर्यंत. ताट धुतलं. मग म्हणाली, "बाबानं पाह्यलं नव्हतं का?"

पाहिलं होतं. त्या दिवशी निघताना त्यांनी पोत्यावर हात फिरवला आणि म्हणाले, "तेलकट लागून राह्यलं थोडं." मी म्हटलं, दोनदा धुतलंय. ते म्हणाले, "हाव का. मंग गुडघ्याले मालीश फुकटात," आणि फळी खांद्यावर घेऊन गेले. माझ्याशी ते शेवटचं बोलले ते असं. मस्करी.

हेही कमळला सांगितलं. ती थोडं हसली आणि मग तिला रडू आवरेना.

ता. ४

कमळ माझ्याशी बोलते. कामापुरतं बोलते. रागावली आहे का कळत नाही. आज फळीवरचे दगड काढले, पोतं ओढून पाहिलं. हलत नाही. वीण डांबरात बसली. तिने माझा हात धरून त्यावर ठेवला. "ओढून पाह्य." मी ओढलं. "आनखी ओढ." फळी उचलली गेली, पण पोतं सुटलं नाही.

मग ती म्हणाली, "नथ्थूबाबाले माईत हाय का?"

मी नाही म्हटलं.

"काकाले?"

नाही.

ती आत गेली.

ता. ८

भाऊजींना बोलावून सांगितलं. ओट्यावर, दिवसाउजेडी, कमळसमोर. सगळं. पोतं, सोडा, लव्हाळं, कणगी.

ते मान खाली घालून ऐकत होते. मला वाटलं आता उठतील आणि या घरात पुन्हा पाय ठेवणार नाहीत. ते म्हणाले, "माईत हाय मले."

मी विचारलं, कसं.

"फळी म्याच बाहेर काढली ना वैनी. डांबर फळीवर होतं. पोत्याचा येक धागा नव्हता त्याले. तवाच समजलं. लोकं काठावर जमा झाल्ते, बाया तुमच्याकडे पाहून राह्यल्या होत्या. दादा त गेला. मंग म्या फळी दगडावर ठेवली अन् मनलं, पाहा बे, फळीच तेढी हाय. दगड उंचसखल, कोनतीबी फळी हालंन त्यावर. पन सारे हो मनाले."

"अन् मिस्त्री?"

"मिस्त्रीचं दोन महिन्यात विसरतीन वाटलं. तुमचं जनमभर नसते विसरले. नवऱ्याले खाल्लं मनतेत बाया, मले का माईत नाई? अन् कमळीचं लगन राह्यलं." मग हात जोडले. माझ्यापुढे, माझ्या दिराने. "झालं गेलं, वैनी. मिस्त्री जाऊन राह्यला खामगावले, जाऊ द्या. तुमी आता बोलाल तं म्या खोटा पडतो, तुमी वाईट ठरता. दादा काई वापस येत नाई."

ते गेल्यावर मी पुष्कळ वेळ ओट्यावरच बसले. इतके दिवस मला वाटत होतं मी एकटी हे ओझं वाहते आहे. तो माणूसही वाहत होता, माझ्यासाठी. त्याच्या चांगुलपणावर पाय दिल्याशिवाय मला मिस्त्रीच्या दारापर्यंत जाता येणार नाही.

कमळ म्हणाली, "काका वाईट नाई."

मी म्हटलं, "नाई."

"पन नथ्थूबाबा बी नाई."

ता. १५

दसरा. सगळ्यांकडे हत्यारांची पूजा. सोनं द्यायला मिस्त्रींकडे गेले. वाकस, पटाशी, किकरं, सगळं पोत्यात गुंडाळून सुतळीने बांधलेलं, कोपऱ्यात. हळद नाही, फूल नाही. मी आपट्याचं पान दिलं. त्यांनी घेतलं, कपाळाला लावलं.

"फळी कशी हाय?" त्यांनी विचारलं.

"सरळ हाय."

"तुमी मनता." मग थोड्या वेळाने, "पोरीले पहिल्या दिवशी खोलात जाऊ देऊ नका."

सरूबाईने आज टोमणा मारला नाही. चहा दिला. टोमणा बरा होता.

पंचांनी पहिला दिवस ठरवला. २० तारीख, कोजागरी.

ता. १९

वर्षश्राद्ध झालं. भाऊजींनी सगळं केलं, कशाला कमी पडू दिलं नाही. माणसं जेवली. मिस्त्रीही आले, शेवटच्या पंगतीला, दाराजवळच्या पाटावर. पानातलं सगळं खाल्लं. जाताना यांच्या फोटोला हात जोडून उभे राहिले आणि ओठांतल्या ओठांत काही म्हणाले. मी जवळ होते. माफी मागत होते.

भाऊजींनीही ते ऐकलं. माझ्याकडे पाहिलं, आणि मग मांडवाची दोरी सोडायला गेले, जी अजून सोडायची नव्हती.

पानं उचलून झाल्यावर कमळ कणगीमागे गेली आणि ते पोतं बाहेर घेऊन आली. माझ्यासमोर ठेवलं.

ता. २१

परवा श्राद्ध झालं ते लिहिलंच आहे. दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारखी उठले. अंगण झाडलं, सडा टाकला, म्हैस पिळली, भाकरी केल्या. फळी कमळच्या डोक्यावर दिली, पोतं मी काखेत घेतलं, नारळ घेतला. वाटेत भाऊजींच्या दाराशी थांबले, आतून ते बाहेर आले, त्यांना म्हटलं, मी जाते आहे. ते चपला घालत होते की काढत होते ते मी पाहिलं नाही. तलावावर सगळी घरं जमली होती. आमची पाळी आली तेव्हा कमळने फळी दगडावर ठेवली. पंचांनी विचारलं, फळी कोणाच्या हातची. मी म्हटलं, नथ्थू मिस्त्रीच्या. मग त्यांची गेल्या सालची फळीही सरळ होती असं म्हटलं, आणि पेंडीचं पोतं उलटं करून, डांबराला चिकटायला हवी होती ती कोरी बाजू वर ठेवून, दगडावर सगळ्यांसमोर पसरलं.